किल्ल्यांतलं भोकाचं नाणं

टर्नहाउट, ६ नोव्हेंबर १९८५

ती. लेओन्टीन वन्संना इर्माचा सा. न. वि. वि.

आज सकाळी धुकं होतं. रेमीच्या कबरीवरची शेवंती बदलली, दुपारी त्याचे नाण्यांचे अल्बम पुसले. संध्याकाळी फान होफ येऊन गेले.

तुरुंगाच्या आतच चालणारी ही नाणी रेमीने पंचवीस वर्षं जमवली. आता ती सगळी नव्या संग्रहालयाला द्यायची ठरवली आहे. बेघर भटक्यांना कैदेत ठेवायच्या ज्या वसाहतीत तुमचे बाबा पहारेकरी होते, तिच्या शेजारीच ते होतंय.

फान होफ रेमीचे नाण्यांच्या बाजारातले जुने सोबती. तांदळाचा केक घेऊन आले, पण अल्बमकडे पाठ करून बसले. सारखे खिळ्यावरच्या किल्ल्यांकडे बघत होते. शेवटी म्हणाले की त्या जुडग्यातलं जस्ताचं, भोक पडलेलं नाणं तेवढं मला द्या, हवे ते पैसे घ्या. भोक पडलं की नाण्याचं बटण होतं, असं हेच गृहस्थ रेमीला चिडवायचे. मला हे सरळ वाटत नाही. त्यांना कुणी पाठवलं असेल का?

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
इर्मा

ब्रुज, १० नोव्हेंबर

चि. इर्मा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला मेलीला पहिल्यापासून सगळ्यात काळंबेरं दिसतं. लग्नात माझ्या आईने दिलेली चादरसुद्धा तू उजेडात धरून पाहिली होतीस. अल्बम खुशाल दे. ते भोकाचं नाणं मात्र मला पाठव. बाबा सुटले तेव्हा ते नाणं बुटात घालून घरी आले होते. बहिणीकडे एवढी आठवण असू दे. गुडघे दुखतात, बाकी ठीक. जेवत जा.

लेओन्टीन

टर्नहाउट, १४ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न.

फान होफना कुणी पाठवलं, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. आणि एक शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा ‘सुटले’, असं तुम्ही लिहिलंत. पहारेकरी निवृत्त होतो. सुटतो तो दुसरा.

मी फान होफकडे जाऊन विचारलं. ते आधी हवेबद्दल बोलले. मग म्हणाले की पहारेकऱ्यांना पगार साध्या फ्रँकमध्ये मिळायचा. आतली नाणी कैद्यांची, आणि सुटताना ती फाटकावर परत घेत. बाहेर आलेलं नाणं कुणीतरी लपवूनच आणलेलं.

वन्सं, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात तर मी सोसेन. रेमीही बोलत होता का, तेवढं मला कळायला हवं.

इर्मा

ब्रुज, १८ नोव्हेंबर

प्रिय इर्मा,

फान होफला मीच पाठवलं. तो नको म्हणत होता.

बत्तीस साली बाबांचं काम गेलं. स्टेशनवर झोपलेले पकडले आणि आठ महिने आत ठेवले. आईने चर्चमध्ये सांगितलं की त्यांना तिथे पहाऱ्याची नोकरी लागली. परत आल्यावर त्यांनी आरीने त्या नाण्याला भोक पाडलं आणि रेमीच्या गळ्यात बांधलं. त्याला दात येत होते, दिवसभर चावायचा. आईने मला शपथ घातली होती, ती मी पाळली. रेमीला मी कधी सांगितलं नाही. त्याला कुठून कळलं का, देव जाणे.

संग्रहालयात आपल्या नावाची पाटी लागेल, लोक वाचतील. माझ्यासाठी एवढं कर, ते नाणं कालव्यात टाक.

लेओन्टीन

टर्नहाउट, २२ नोव्हेंबर

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रागावले, मग एक रविवार आठवला. बाजारात एक विक्रेता रेमीच्या हातातल्या किल्ल्या पाहून हसला होता. एवढा मोठा संग्राहक आणि खिशात असला भोकाचा माल, म्हणाला. रेमी म्हणाला की ते विकायचं नाही, ते घरचं आहे. मला वाटलं, किल्लीबद्दल बोलतोय.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही, हे कळत नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, सांगितलंच.

अल्बम काल गेले. हे नाणं तिथे जाणार नाही आणि कालव्यातही नाही. नाताळला या, तांदळाचा केक करीन.

तुमच्या लोभातली,
इर्मा

ता. क. पाकीट उघडंच होतं म्हणून लिहिते. आत्ता मागे जाऊन कोळशाच्या खोलीचं कुलूप काढलं. जुडग्यातल्या त्या नाण्याच्या कडेला इवल्या दातांच्या खाचा आहेत, अंगठ्याला लागतात. बादली भरली आणि परत कुलूप लावलं.