गादी नको म्हटल्यावर

१४ नोव्हेंबर १९४३
महाराज गेले; काल त्यांचा भंडारा झाला. मठाला अजून त्यांच्या खोकल्याची सवय आहे. पहाटे काकड्याला उठलो आणि ऐकायला थांबलो. काही नाही.
आज मंडळी बसली. सोनईचे, नेवाशाचे, शेवगावहून गणपतराव पाटील. सगळ्यांचं एकच, गादीवर नानांनी बसावं. म्हणजे मी. नगरची पोस्टातली नोकरी सोडून इथे आलो तेव्हापासून महाराजांची सेवा, कीर्तन, आल्यागेल्याचं बघणं, सारं माझ्याकडेच. हात जोडले. म्हटलं, "माझी योग्यता नाही. मला झाडलोट करू द्या." पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.
उद्या परत बसायचं ठरलं.

१५ नोव्हेंबर
बसलो. पुन्हा नाही म्हटलं. आता तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. "आपली आज्ञाच असेल तर..." इथपर्यंत वाक्य तयार होतं.
विचारलंच नाही. सोनईचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नाना खरे विरक्त. त्यांना कशाला भरीस घालायचं?" आणि श्रीरंगचं नाव निघालं. व्यापाऱ्याचा मुलगा, तिशीचा, गळा गोड. माझ्याकडेच अभंग शिकला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

२१ नोव्हेंबर
श्रीरंगला गादीवर बसवला. पहिला हार मी घातला. लोक म्हणाले, केवढं मन!
मग पाया पडणं. वाकलो. गुडघे दुखतात, वेळ लागला. त्याने दंडाला धरून उठवलं. ते नको होतं.

३ डिसेंबर
रॉकेल मिळत नाही म्हणून कीर्तन दिवसाउजेडीच उरकतो. श्रीरंग दृष्टान्ताच्या मध्यावर अडकला. मी मागे टाळ घेऊन उभा. पुढचं वाक्य मला येत होतं. दिलं नाही. त्याच्या मानेवरचा घाम बघत राहिलो. शेवटी तोच हसून म्हणाला, "नाना, सांगा की पुढचं!" सांगितलं. लोक हसले. त्यांना तो आणखीच आवडला.
फार थकवा. काही न करता.

९ डिसेंबर
जेवायला गेलो नाही. कृष्णाबाई, मठाचा स्वयंपाक करणारी, ताट घेऊन खोलीशी आली.
"तुमीच न्हाई म्हनला न्हवं? मग आता तोंड पाडून का बसलाय?"
म्हटलं, पित्त झालंय.
"व्हय. पित्तच हाय त्ये."
ताट ठेवून गेली. भाकरी, वांग्याचं भरीत. सगळं खाल्लं.

१५ जानेवारी १९४४
काल संक्रांत. देवळालीकडच्या कुणी गुळाची ढेप पाठवली होती, तिळगूळ भरपूर झाला. रांग श्रीरंगपुढे. माझ्या हातावर लोक जाता जाता ठेवत होते. मी ओट्यावर उन्हाला बसल्यासारखा बसलो. ऊन केव्हाच सरकलं होतं.
इतकी वर्षं नामस्मरण, उपास, मौन. आणि शिल्लक काय, तर हे. कंटाळा आला आहे स्वतःचा.

२ फेब्रुवारी
विहिरीवर पाणी ओढत होतो. श्रीरंग आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "नाना, एक विचारू? लोक पाया पडतात ना, आधी अंगावर काटा यायचा. आता एखादा न पडता गेला तर त्याचं तोंड लक्षात राहतं. महाराजांना असं होत असेल?"
अहंकारावर मी किती कीर्तनं केली असतील. ती सगळी बाजूला ठेवली.
म्हटलं, "तोंडं माझ्याही लक्षात राहतात."
"तुमच्या? कुणाची?"
"ज्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं नाही, त्यांची."
तो हसला नाही. दोराला हात लावला. पोहरा दोघांनी मिळून वर ओढला.
आज झोप लागेलसं वाटतं.

१९ फेब्रुवारी
गणपतराव शेवगावहून बैलगाडी घेऊन आले. रिकामी. "नाना, मळ्यात तुमच्यासाटी खोली बांधलीया. तुमीच खरे म्हाराज. हितं काय ऱ्हायलंय आता?" तिकडची बरीच घरं माझ्या बाजूची आहेत म्हणे.
नाही म्हणालो. आणि माझं ते 'नाही' मलाच ऐकू आलं. मऊ, हात जोडलेलं, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघणारं. 'हो' म्हटलं असतं तरी आवाज तोच असता. 'हो' असो की 'नाही', मध्ये मीच.
म्हटलं, श्रीरंगला विचारून सांगतो.
गणपतराव चिडले. "त्याला इचारायचं? त्यो कोन?"
गेलो. तो गादीवर, मी खाली जमिनीवर. सांगितलं सगळं. वाटलं होतं, पाय धरील, जाऊ नका म्हणेल.
"जा नाना. तुम्ही समोर असलात की मला तुमच्याकडेच बघून बोलावं लागतं."
मी उठायला लागलो. गुडघ्यावर हात टेकलेला, तोवर म्हणाला, "आणि जाऊ पण नका. मला एकट्याला नाही जमायचं. दोन्ही खरं आहे."

२० फेब्रुवारी
गणपतराव मुक्कामाला राहिले. सकाळीच बैलांना पाणी दाखवलं, गाडीत कडबा पसरून वर घोंगडी टाकली. मी अंघोळ केली, पूजा केली. श्रीरंग काकड्याला नीट गायला. एका ठिकाणी चुकला. मी तिथे फक्त टाळ वाजवला.
कृष्णाबाईने फडक्यात भाकऱ्या बांधून आणल्या.
"गेलात तर वाटंत खा. न्हाई गेलात तर हितंच खा. पर निवू दिऊ नका."
बाहेर गणपतराव हाका मारताहेत. भाकऱ्या मांडीवर आहेत, अजून गरम.