दोघांच्या हातून गेलेली काच

शिळफाटा, खोपोली
१२ फेब्रुवारी १९८३

प्रिय हिरू,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नाशिकला होस्टेलवर जेवण बरं मिळतं आणि आता वॉर्डात ड्यूटीही लागली, हे वाचून निश्चिंत झालो. माझा खोकला गेला. दुकान बरं चाललंय. दुरुस्तीला रेडिओ कमी येतात, टेपरेकॉर्डर जास्त. पावसाळा सरल्यापासून एका मोठ्या कामात होतो, म्हणून पत्रं तुटक लिहिली. आज सगळं सांगतो.

वीजघरातून निवृत्त झालेले इंजिनियर दिघेसाहेब तुला आठवत असतील. त्यांच्याकडे छप्पन सालची लँडमास्टर मोटार आहे, अजून आरशासारखी चकचकीत. त्यांना गाडीत कॅसेट प्लेअर हवा होता आणि पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर. पण दारांच्या आतल्या मूळ चामडी पॅनेलांना एक भोकही पडता कामा नये, ही अट. दोन गॅरेजवाल्यांनी हसून परत पाठवलं होतं. मीही म्हटलं, साहेब, स्पीकर वाजवायचं माझं काम, पण न कापता बसवू कुठे? तेव्हा कुणीतरी चौक गावच्या जानकीबाईंचं नाव सांगितलं.

त्यांचं हायवेला लागून ट्रक-जीपच्या सीटा शिवायचं दुकान आहे. नवरा वारल्यावर सात वर्षं एकट्या चालवतात. गाडी तिथे नेली, तेव्हा त्यांनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जुनं कशाला कापायचं? उतरवून नीट गुंडाळून ठेवू. मी नवीन करते, त्यात पाडा काय भोकं पाडायची ती." मग पॅनेलवर वर्तमानपत्र अंथरून, ब्लाउज बेतावा तसं माप बेतलं, प्लायवूड कापलं आणि त्याच तपकिरी रंगाचं रेक्झिन चढवलं. एका इंचात जुने टाके किती, ते मोजून नवे घातले. इतकं नेटकं काम मी पाहिलं नव्हतं.

चूक माझी झाली. भोकं कुठे पाडायची ते मी ठरवलं, आणि काच वर असताना ठरवलं. आवाज सुरेख आला. साहेब खूश होऊन आत बसले, वारा यावा म्हणून हँडल फिरवू लागले. काच मध्येच अडली, त्यांनी जरा जोर लावला, आणि ती स्पीकरच्या लोहचुंबकावर बसून खालपासून वरपर्यंत तडकली.

साहेब खाली उतरून तड्यावरून बोट फिरवू लागले. मी तोंड उघडायच्या आत जानकीबाई म्हणाल्या, "साहेब, काम आमी दोघांनी केलंय. काच आमच्या दोघांच्या हातून गेली हाय. दोघं मिळून आणून देऊ." हिरू, त्यांचं माप बिनचूक होतं. माझ्या चुकीत वाटा मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. तुझी आई असती तर घरी आल्यावर तिने मला चांगलं झापलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

काचेसाठी आम्ही तीन रविवार फिरलो. पनवेल झालं, ठाणं झालं, शेवटी कुर्ल्याच्या भंगारात मिळाली. एसटीतून मांडीवर धरून आणताना मी विचारलं, तुम्ही तेव्हा असं का बोललात? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमी सगळा दोष एकट्यावर घ्यायला निघाला होता. एकट्यानं उभं राहायचं काय असतं, ते मला ठावं हाय."

मग मी लाकडाची दोन जाड गोल कडी करून घेतली, त्यांनी त्यांवर रेक्झिन चढवलं, आणि स्पीकर दाराच्या आत न ढकलता बाहेरच्या अंगाला बसवले. काच खुशाल खालीवर होऊ लागली. गेल्या महिन्यात साहेबांनी आम्हाला गाडीत घालून बोरघाट चढवला. नाट्यसंगीत लावलं होतं. मला वाटलं जानकीबाई गाण्यात रमल्यात. पाहतो तर पॅनेलवर तळहात ठेवून कुठे थरथर येते का ते बघत होत्या. येत नव्हती. मग त्या मागे टेकून बसल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. मी त्रेपन्नचा, त्या अठ्ठेचाळीसच्या. लोक बोलतील, त्याचं मला फारसं वाटत नाही. चौकचं दुकान त्यांच्याच नावाने चालू राहील, एवढी त्यांची एकच अट होती. परवा दुसरी घातली: "आधी हिरूला लिवा. पोरीला नको वाटलं तर आपण नुसतं काम करत राहू. त्यातबी वाईट काय नाय." तुझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तू हो म्हणावंस अशी माझी इच्छा आहे, ती लपवत नाही. पण मनात काही अडलं तर तेही मोकळेपणी लिही. मला राग येणार नाही. आणि लगेच काही सुचलं नाही, तर पत्र पोहोचलं एवढंच कार्डावर टाक. मी वाट बघतोय.

तुझाच,
बाबा