हिरव्या दोऱ्याचा शिपाई

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

उभी असशील तर आधी बस. बाबांचा सिनेमातला कोट सापडला! ऐतिहासिक सिनेमांत सैनिकांनी घातलेले पोशाख जमवतो म्हणून तू मला चिंध्यावेडा म्हणतेस ना? त्याच वेडानं हे दिलं. जुन्या स्टुडिओचा कपडेपट रिकामा करत होते. मी गेलो होतो सेनापतीच्या जरीच्या कोटासाठी, आणि ढिगात एका साध्या शिपायाच्या लाल कोटाची बाही दिसली. हिरव्या दोऱ्यानं लांब केलेली! लालला हिरवा दोरा आईशिवाय कोण घालणार? तिथले कोट एकाच मापाचे आणि बाबांचे हात लांब, म्हणून तिनं घरी बाह्या वाढवल्या होत्या. छातीवर गोळीचं भोक, भोवती खोट्या रक्ताचा डाग, पडद्यावर दिसतो तस्सा. काय कामं करायची ती कपडेपटातली माणसं! आईला दाखवायला आणतोय.

लोभ आहेच, कपाटातही थोडी जागा असू दे.

तुझा धाकटा


९ जानेवारी

चि. सेनापतीस,
अ. उ. आ.

वाचून रडले, मग हसले. पण आईला दाखवायचा धीर होत नाही. आठवतंय ना, पडद्यावर बाबांना गोळी लागायची वेळ आली की ती डोळे गच्च मिटायची. बाबा शेजारी बसून सांगायचे, की अगं, हा काय मी, धडधाकट आहे. तरी उघडायची नाही. आता तर ते खरंच नाहीत. ते भोक तिला बघवेल का?

आणायचाच तर जपून आण. जिवाला जप, नुसत्या कोटांना नको.

ताई


२ फेब्रुवारी

चि. सेनापतीस,
अ. उ. आ.

कोट ठेवून जाताना तू बजावलं होतंस, की धुवायचा नाही, सुई तर लावायचीच नाही, शिवला की मातीमोल. मी हो म्हणाले आणि गाफील राहिले. काल बाजारातून येते तर आई खिडकीशी कोट मांडीवर घेऊन बसलेली. भोक बुजवून मोकळी! हिरव्या दोऱ्यानं! रफू असं, की बोटालाही लागत नाही. मी कपाळावर हात मारला, तर मलाच म्हणाली, एवढ्या वर्षांत कुणाला सुई-दोरा सुचला नाही, कसली माणसं.

संध्याकाळी तिनं आपणहून तो सिनेमा लावायला सांगितला. बाबा पडले. तिनं डोळे मिटले नाहीत. पडायचे मात्र छान हं, म्हणाली. मला हुंदका आवरेना.

तुला निरोप आहे. असे भोकं पडलेले आणखी कोट असतील तर घेऊन ये. त्यांच्याही घरी कुणीतरी डोळे मिटून बसलं असेल, म्हणते.

ओरडायचं तर मला ओरड, पण माया पातळ करू नकोस.

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

दोन दिवस धुमसलो, खोटं कशाला सांगू. मग वाटलं, ज्या हिरव्या दोऱ्यानं कोट ओळखला, त्याच्यावरच कसा रागावू?

रविवारी येतो, सगळे कोट घेऊन. रीळ मीच आणेन. गडद हिरवं आणू की पोपटी, तेवढं आईला विचारून कळव.

तुझा धाकटा