कंडक्टरच्या स्पर्धेत कंडक्टर हरला

तामसी,
मंगळवार, ड्युटी नसलेला

तीर्थस्वरूप रुख्मिणीअक्कास, धाकट्या महिपतचा इथूनच वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर कितीवर आली? (गुळाचा डबा लपवत असशील तर जागा बदलत जा, जुनी जागा त्यांना माहीत आहे. मागच्या खेपेला मलाच त्यांनी तिथून खडा काढून दिला होता.) इकडे तुझी भावजय मनकर्णा बरी आहे, म्हैस व्याली, कापसाची वेचणी चालू आहे अन् बाया मिळत नाहीत. तू म्हणशील, फोन असताना या बाप्यानं पत्र काऊन लिहिलं? तर अक्का, फोन केला की दाजी स्पीकर लावतात, अन् मग पांढरकवड्याची अर्धी आळी मला जेवलास का म्हणून विचारते. हे पत्र एकटीनं वाच. वाचताना चुलीवर दूध ठेवू नको.

तर विषय लखनचा. दाजींच्या चुलतबहिणीची भाग्यलक्ष्मी तू त्याच्यासाठी स्थळ म्हणून आणलीस, तेव्हा पोट्टं काय बोललं ते तुला आम्ही पुरतं सांगितलंच नाही. 'मले पोरगी नाही, पोरगा पसंत पडते,' असं तो ताटावर बसून बोलला. मनकर्णाच्या हातातली भाकर तव्यावरच करपली. मी उठून म्हशीला वैरण टाकायला गेलो. (तिला टाकून झाली होती. म्हशीनंही माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं.) परत येतो तर लखन पिशवी घेऊन आदिलाबादच्या गाडीत बसला होता. तिथं तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. दसऱ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही. अन् तू मात्र फोनवर बोललीस की बाप आहेस का शेतातलं बुजगावणं, जा अन् कान धरून आण. म्हणून गेलो. पुढं जे झालं त्यातला अर्धा दोष तुझा धरून चाल.

झालं असं की माझ्या बसचा ड्रायव्हर संतोष यानं मला त्याच्या फोनवर एक रंगीत जाहिरात दाखवली. आदिलाबादच्या एका फंक्शन हॉलमध्ये रविवारी दुपारी 'बॉल', अन् खाली लखनचा फोटो, डोळ्यांत काजळ. मी म्हटलं, क्रिकेट असेल. संतोष बोलला, फंक्शन हॉलमध्ये क्रिकेट कसं असेल, काचा आहेत. मग आम्ही दोघांनी व्हॉलीबॉल धरलं. काजळाचा खुलासा व्हॉलीबॉलनंही होईना, पण आम्ही तो उन्हावर ढकलला.

रविवारी ड्युटी संपली, डेपोत हिशेब दिला अन् कंडक्टरच्या खाकीतच हॉलवर गेलो. दारात एक उंच बाई उभी. हिरवं पातळ, मोठं कुंकू, आवाज माझ्यापेक्षा जाड. ती आशाबाई. जन्मली पुरुषाच्या अंगानं, पण बाई म्हणूनच राहते, अन् गुडीहत्नूरला तिचं शिलाईचं दुकान आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून कापड चोळून पाहिलं अन् विचारलं, 'कपडा तर अस्सल दिसून राह्यला. कोणत्या घराण्याचे?' आता अक्का, कोणी घराणं विचारलं की आपण मागं हटतो का? मी आजोबापासून सुरुवात केली. तिनं मधेच थांबवून माझं नाव माईकवाल्याला सांगितलं अन् मला आत ढकललं. नाव काऊन घेतलं हे मी विचारलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांची नावं माईकवर घेतातच, टॉवेल-टोपीसाठी.

आत काय वर्णन करू! मधून लाल गालिचा, दोन्ही बाजूंनी खुर्च्या, टोकाला तीन पंच, अन् बाजा असा की छाती आपोआप हलते. एक पोरगं आख्ख्या बारदानाचा झगा शिवून आलं होतं, अन् चाल अशी की कलेक्टरनं उठून उभं राहावं. दुसऱ्यानं नुसत्या हातांचा नाच केला, जणू हवेतली कपाशी भराभरा वेचतोय अन् वेचलेली पुन्हा बोंडात भरतोय. त्याला ते 'व्होग' म्हणतात. मी तोंड उघडं टाकून पाहतच होतो, तेवढ्यात तो गरकन फिरला अन् एक पाय दुमडून धाडदिशी पाठीवर पडला. लोक ओरडायला लागले. मला वाटलं फिट आली! मी चप्पल काढली, धावत गेलो अन् त्याच्या नाकाला लावली. त्यानं डोळे उघडून मला शुद्ध तेलुगूत जी शिवी दिली, ती डेपो मॅनेजरनंही आजवर दिलेली नाही. ती पडण्याची कलाच असते म्हणे, अन् तिलाच सगळ्यात जास्त मार्क असतात. माझ्या चपलेनं त्याचा एक मार्क गेला.

आशाबाईनं मला ओढून खुर्चीवर बसवलं अन् समजावलं. हा बॉल म्हणजे नटून चालायचा-नाचायचा खेळ, मूळचा अमेरिकेतला. तिथल्या काळ्या अन् गरीब मोहल्ल्यांतल्या आपल्यासारख्यांनी (आपल्यासारख्यांनी म्हणजे तिच्यासारख्यांनी) तो मोठा केला. 'घरातून काढलेल्या पोरायनं आपापली घरं केली, दादा. प्रत्येक घराण्याले एक आई असते. आमच्या मोरपीस घराण्याची आई मी.' मग लखनचं नाव घेऊन बोलली की तो माझा सगळ्यात गुणी लेक, तापात होता तेव्हा माझ्याच दुकानात झोपला होता. अक्का, आम्हाला तो तापात होता हे माहीतच नव्हतं. मी तिला माझं नातं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माईकवरून माझं नाव आलं.

टॉवेल-टोपी नव्हती. स्पर्धा होती. प्रकार असा की सरकारी नोकर होऊन यायचं अन् अगदी खरं वाटायचं. जो जास्त खरा तो जिंकला. एक तलाठी होऊन आला होता (त्यानं पंचांकडे नुसता तळहात पसरला अन् लोकांनी हॉल डोक्यावर घेतला), एक नर्स, अन् शेवटी दोन कंडक्टर. एक मी. दुसरा समोरच्या टोकाला, खाकीत, कमरेला पट्टा. लखन.

त्यानं मला पाहिलं अन् त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता पळते. पण आशाबाईनं लांबूनच बोट वर केलं तशी त्यानं मान ताठ केली अन् तो चालायला लागला. अक्का, तो मीच चालत होतो! पोट पुढं, एक खांदा खाली, अंगठा जिभेला लावायचा, 'मागं सरका, मधात लय जागा हाय,' 'आधार कार्ड दाखवा, आज्जी, हा फोटो तुमचा का तुमच्या नातीचा?' खुर्च्यांवरचे लोक लोळायला लागले. मग त्यानं एका अदृश्य म्हातारीला हात दिला, तिचं गाठोडं वर घेतलं, तिला माझ्या सीटवर बसवलं अन् स्वतः दाराला टेकून उभा राहिला. मी हे करतो हे मलाच ठाऊक नव्हतं. लहानपणी सुट्टीत तो माझ्यासोबत गाडीवर यायचा तेव्हाच पाहत असणार.

मग माझी पाळी. इतकी वर्षं चालत्या गाडीत चाललो, पण स्थिर गालिच्यावर पाय उचलेना. मी शाळेतल्या पोरासारखा हात चिकटवून चाललो. पंचांतली एक हैदराबादची बाई हिंदीत बोलली की कपडे उत्तम, पण हा माणूस कंडक्टर वाटत नाही, कंडक्टर एवढा घाबरत नाही. मला राग आला. मी खिशातून ओळखपत्र काढून तिच्या नाकासमोर धरलं. ती बाकीच्यांना बोलली, 'सामान बहुत असली बनाया है।' अन् मला बाद केलं. लखनला तिघांनी दहा-दहाच्या पाट्या दाखवल्या. म्हणजे महिपत कंडक्टर व्हायच्या स्पर्धेत महिपत कंडक्टर हरला.

लखन माझ्याजवळ आला, घामानं काजळ गालावर उतरलेलं.

'घरी न्यायले आले का, बाबा?'

मी म्हटलं, 'माझं पोट एवढं नाही.'

'आहे, बाबा.'

मग तो रडला. मी त्याला जवळ घेतलं, अन् पंचांनी आम्हालाही दहाच्या पाट्या दाखवल्या. तो ताप कधीचा ते मी विचारलं. तो बोलला, पोळ्याच्या सुमाराचा, तुमाले कसं सांगू हे समजत नव्हतं. मी म्हटलं, बापाची गाडी रोज आदिलाबादला येते, दारात उभं राहून सांगायचं. त्यानं मान हलवली. एवढंच बोललो आम्ही.

त्यानंतर त्यानं हर्षदीपशी भेट घालून दिली. इंद्रवेल्लीकडे शाळेत गणित शिकवतो, बौद्ध घरचा, नाकी-डोळी नीटस. पाया पडला, जेवताना माझं ताट आधी वाढलं अन् माझ्या हरण्यावर एकदाही हसला नाही (लखन तीनदा हसला). दोघांचं काय आहे ते मी ओळखलं. मनकर्णाला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, 'त्या मास्तराले ज्वारीची भाकर चालते का?' येत्या रविवारी दोघं जेवायला येतात. तेव्हा भाग्यलक्ष्मीच्या घरी नकार कळव. पोरगी चांगली आहे, म्हणूनच तिला फसवायचं नाही. दाजी चिडले तर गुळाचा खडा दे.

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, स्पीकरवाल्यांनाही.

तुझा,
महिपत

ता.क. येताना तुझा जांभळा शालू अन् ठुशी घेऊन ये. लखनला पुढच्या बॉलसाठी पाहिजे.

आणखी ता.क. वर खोटं लिहिलं. लखनला काही नको. संक्रांतीनंतरच्या बॉलमध्ये 'रुसलेली विहीण' असा प्रकार ठेवला आहे. पंचांना तोरा अस्सल पाहिजे. आपल्या सात पिढ्यांत अन् त्यांच्या सगळ्या घराण्यांत मिळून तुझ्या तोडीचं कोणी नाही. मोरपीस घराण्यातर्फे तुझं नाव मी कालच देऊन टाकलं.

शेवटचं ता.क. हे वाचून मला जोड्यानं मारायला तू पहिल्या गाडीनं निघशील, हे मला ठाऊक आहे. बिलकुल शांत होऊ नको. वाटेत पाणी पिऊ नको, चेहरा आहे तसाच ठेव. स्टँडवरून थेट हॉलवर तालमीला नेतो.