बेचाळीस मळके डबे आणि एक स्वच्छ

मी, सिरिल ओल्डरॉइड, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, शाळेचा निवृत्त शिपाई, राहणार स्किप्टन, यॉर्कशर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवतो. आज सकाळपासून मी शीळ घालतो आहे, त्यावरून शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. माझे अक्षर मलाच लागत नाही, म्हणून या कागदाची स्वच्छ नक्कल शेजारच्या मिसेस हिल्डा बेअरस्टो करतील. त्यांनी आहे तसे उतरवावे. मध्ये स्वतःचे काही घालू नये.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात सगळे काही बेवारस मांजरांच्या आश्रमाला दिले होते. रागाचे कारण कलम ५ मध्ये येईल.

२. घर माझी पुतणी जॉइस हिला. ती दर नाताळात मला मोजे पाठवते, तेही एकाच मापाचे, म्हणजे माझे पाय तिच्या लक्षात आहेत. मोजेही तिनेच परत न्यावेत. सोळा जोड अजून कोरे आहेत.

३. गाड्या मळवण्याचे सामान आमच्या छोट्या रेल्वेच्या मंडळाला. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुकानातून आणलेली खेळण्यातली मालगाडी चकचकीत असते. खरी मालगाडी कोणी चकचकीत पाहिली आहे का? तेव्हा ती हाताने मळवावी लागते. त्यासाठी इवल्याशा बाटल्यांत रंगीत भुकटी विकत मिळते आणि एका बाटलीच्या पैशांत आठवडाभर मासे आणि चिप्स खाता येतात. मी जन्मात एकही घेतली नाही. फळ्याखालचे खडूचे तुकडे, बॉयलरची काजळी, पेन्सिलीचे किसलेले शिसे आणि वाळवलेला चहाचा चोथा एवढ्यात माझे भागले. वरून केसांवर मारायचा स्वस्तातला फवारा मारला की भुकटी जागची हलत नाही. मात्र फवाऱ्याने खडूचा निम्मा रंग उडतो, म्हणून आधी दुप्पट लावावा. हे कळेपर्यंत माझे नऊ डबे वाया गेले. औषधांच्या दुकानातली बाई मात्र माझ्या टकलाकडे बघून दरवेळी फवारा दोनदा विचारून देते.

४. मंडळाचा चिटणीस डेस्मंड क्राउदर याला काहीही नाही. १९८३ च्या प्रदर्शनात त्याने माझ्या गाडीसमोर चारचौघांत "खडू पोरांच्या हातात शोभतो, सिरिल" असे म्हटले होते. पुढच्या महिन्यात मी त्याला एक छोटी बाटली भेट दिली आणि हा खास जर्मनीहून मागवलेला गंज आहे असे सांगितले. तेरा वर्षे तो त्या गंजाचे गोडवे गातो आहे. डेस्मंड, तो आपल्या शाळेच्या फाटकाचा गंज आहे. फाटक पडले तेव्हा मला खरेच वाईट वाटले होते. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून तुलाच साक्षीदार केले आहे. फाटकाच्या गंजाची शेवटची बरणी मात्र सहीच्या दिवशी तुझ्या हातात ठेवीन. तू हसलास तर आपले मिटले.

५. आता माझे त्रेचाळीस मालडबे. ते मळवायला मला अकरा वर्षे लागली. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी नऊ दिवस इस्पितळात होतो आणि मांजराला जेवण घालायला घराची किल्ली मिसेस बेअरस्टोंकडे होती. शाळेच्या खानावळीत त्यांनी तीस वर्षे भांडी लख्ख ठेवली. माझे डबे बघून त्यांना माझी कीव आली. बिचाऱ्याला पुसायला वेळ मिळत नसावा, असे वाटून त्यांनी भांड्यांचा साबण आणि दातांचा ब्रश घेऊन सगळेच्या सगळे धुतले, पुसले आणि रांगेत मांडून ठेवले. मी घरी आलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, बक्षिसाची वाट बघत. मी पाच महिने त्यांच्याशी बोललो नाही.

(पाच महिने आणि बारा दिवस. — हि. बे.)

मग एका गुरुवारी त्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत बिस्किटे नव्हती. खानावळीचे जुने गंजलेले ट्रे खरवडून, मैद्याच्या चाळणीतून तीनदा चाळलेला गंज होता. "हा चालेल का बघा," त्या म्हणाल्या, "चाळणी फुकट गेली." तसा गंज मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही दोघे माझ्या टेबलाशी बसून डबे मळवतो. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे हे मी इथे लेखी कबूल करतो.

बेचाळीस डबे मळवून झाले. त्रेचाळिसावा मी कपाटात लपवला आहे. त्यांनी धुतला तसाच तो आहे. त्याला हात लावायचे माझ्याने होत नाही. त्रेचाळीसही डबे मिसेस बेअरस्टोंना.

६. वकिलाने मला सांगितले की मृत्युपत्र केल्यावर माणसाने लग्न केले तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. घरी येईपर्यंत दुसरे काही सुचले नाही. हिल्डा, तुम्ही हे उतरवत आहात. मला गुरुवार पुरत नाही. माझे हे मृत्युपत्र रद्द कराल का?

(इथला डाग शाईचा आहे. — हि. बे.)

ठिकाण: स्किप्टन
दिनांक: १४ मार्च १९९६, गुरुवार

साक्षीदार: १. डेस्मंड क्राउदर
२. बेरिल क्राउदर

लिहून देणार: ____________

नक्कल करणारीचा शेरा: सिरिल यांनी सहीसाठी पेन उघडले होते, ते मी टोपण लावून ठेवून दिले. रद्द व्हायच्या कागदावर शाई कशाला? डेस्मंड आधीच हसून घेऊन, बरणी पोटाशी धरून बसले आहेत. त्यांना आणि बेरिलला सांगितले आहे की सही शनिवारी, वीस एप्रिलला, सकाळी अकराला विवाह नोंदणी कचेरीत करायची. तिथेही साक्षीदार दोनच लागतात.

त्रेचाळिसावा डबा मी कपाटातून काढला आहे आणि गंज चाळायला घेतला आहे. आता तो रुळावर येणार, म्हणजे मळणारच.