शेड म्हणून विमा उतरवलेला तबेला

एडिनबराहून तासाभरावर,
१७ मार्च १९९२

ती. नंदावहिनींना धाकट्या जावेचा नमस्कार, हात काजळीने काळे असल्यामुळे लांबूनच. तुमचे गुडघे कसे आहेत? वॉटफर्डला ऊन पडायला लागलं असेल. माधवभाऊजी रिटायर झाल्यापासून तुमच्या स्वयंपाकघरात फार लक्ष घालतात असं ऐकलं, धीर धरा. आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही फोनकडे धावाल.

आमचा घरामागचा दगडी तबेला जळाला. तुमचे दीर हॉस्पिटलात रोज लोकांना गुंगी देतात, तशीच स्वतःही घेऊन त्यांनी हे फार्महाऊस विकत घेतलं, असं माझं मत आहे. (तबेल्यात घोडा कधीच नव्हता. मराठी मंडळाचं नाटकाचं सामान होतं, त्यावर मी पुढे येते.) तर शनिवारी तुमच्या दिरांनी तिथे मेथी पेरली. स्कॉटलंडात, मार्चमध्ये! मातीला ऊब हवी म्हणून शेजारच्या मिसेस बेअर्डकडून कोंबडीच्या पिल्लांवर लावतात तसला लाल दिवा आणला आणि सुतळीने वाशाला टांगला. खाली वाळकं गवत. मी म्हटलं, सुतळी बारीक आहे. तर म्हणाले, "शैला, मी रोज माणसं जिवंत ठेवतो, मला एक दिवा टांगता येतो."

आम्ही जेवायला बसलो आणि खिडकीत लख्ख उजेड पडला. मला वाटलं, ऊन आलं. (इथे इतकी वर्षं राहून माणूस असा भोळा होतो.) आगीचा बंब आला, त्यावर गावातला खाटीक, शाळामास्तर आणि आमचा पोस्टमन (इथे खेड्यात गावकरीच बंबवाले). पण गल्लीत तुमच्या दिरांचीच गाडी आडवी. ती काढायला गेले आणि घाईत फाटकाचा खांब पाडला. तोवर छपराच्या पाटीच्या दगडाच्या फरशा फटाक्यांसारख्या फुटायला लागल्या. पाडव्याच्या नाटकाचं सगळं त्यात गेलं: दरबाराचे पडदे, मंडळातल्या वैजयंतीने स्वतः शिवलेले पोशाख. आता आमचा राजा बहुतेक ड्रेसिंग गाऊनमध्ये येणार.

पण खरी आग लागली सोमवारी. नुकसान पाहायला विमा कंपनीने मिस्टर लोरीमर नावाचा सडपातळ, अतिशय सभ्य माणूस पाठवला. तो त्या चार काळ्या भिंतींपुढे उभा राहून म्हणाला, "बरं, आणि शेड कुठे आहे?" कारण तुमच्या दिरांनी विमा उतरवताना हप्ता कमी बसावा म्हणून तबेल्याला 'बागेतली शेड' म्हटलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही एक चतुर्थांश किमतीचाच विमा उतरवलात. म्हणजे भरपाईही नुकसानीच्या एक चतुर्थांश."

"पण आग तर पूर्ण लागली!"

"हो. विमा पूर्ण नव्हता."

तुमच्या दिरांनी त्याला माझ्या चकल्या दिल्या. त्याने पाच खाल्ल्या, कृती विचारली, आणि एक पेनीही वाढवली नाही. मग कौन्सिलची बाई आली. तबेला म्हणे संरक्षित इमारतींच्या यादीत आहे, तेव्हा पत्रे टाकून भागणार नाही. बांधायचा तर तसाच दगड, तशाच फरशा.

ती गेल्यावर मी कडाडून भांडायचं ठरवून मागे गेले. हे उपड्या बादलीवर बसले होते. तेव्हा तळहात दिसला, फोडांनी भरलेला. शनिवारपासून खिशात लपवत होते. दरबाराचा पडदा ओढून काढायला आत घुसले होते, वहिनी, आणि मला सांगितलं नाही. पडदा काही मिळाला नाहीच. मग कसली भांडते? मलम लावलं. भांडण तसंच राहिलं, ते तुम्हाला लिहिते आहे.

माझा निर्णय झाला आहे. हे सगळं विकून एडिनबरात फ्लॅट घ्यायचा, ज्याला आवार नाही, अंगण नाही. गुरुवारी एजंट येतोय. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शैला

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात एजंट येऊन गेला. म्हणाला, भिंती पाडा, तो नुसता राडारोडा आहे. माझ्या तबेल्याला राडारोडा म्हणतो! चहा न देता घालवला.

ता. क. २. तबेला पुन्हा बांधायला गवंडी परवडत नाही, तेव्हा ईस्टरला तुमच्या राजीव आणि जयंतला पाठवा. दगड घासायचेत हे बोलू नका, हवापालट म्हणा. भाऊजींनाही आणा. कंबर दुखते, ठाऊक आहे. त्यांना खुर्चीत बसवून विमा कंपनीला फोन लावून देऊ. त्यांचा एवढा मोठा आवाज तुमच्या स्वयंपाकघरात फुकट जातोय.