दोन काळ्या कवड्या

११ मार्च, रविवार

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली. आज सहावीला थॅलेसेमिया शिकवला. कवड्या नेल्या होत्या, निम्म्या मार्करने काळ्या केलेल्या. एक आईची उचलायची, एक बापाची. एक काळी आली तर काही बिघडत नाही. दोन्ही काळ्या आल्या तर आजार, जन्मभर दर महिन्याला रक्त. मुलं खूश, मी जरा जास्तच. त्या भरात बोलून गेले, ''लग्नाआधी दोघांनी तपासणीचा कागद बघितला की असं मूल जन्मालाच येत नाही. न बघणारे मूर्ख!''

टाळ्या पडल्या. नश्वानेही वाजवल्या. दर महिन्याला बोटीने मोठ्या बेटावर रक्त घ्यायला जाणारी नश्वा, दुसऱ्या बाकावर — आणि मी विसरले!

तास संपल्यावर कवड्या परत द्यायला आली. ''मिस, मग मी यायला नको होतं का?''

मी विचारलं, ''जेवलीस का गं?''

१२ मार्च

पोरांनी खेळ मैदानात नेला. दोन काळ्या निघाल्या की बाद. नियम माझाच.

१४ मार्च, बुधवार

आज रक्ताचा दिवस. नश्वा बोटीत चढलीच नाही. तिला रक्त देणारा इब्बे मासेमारी बुडवून धक्क्यावर ताटकळला. ''माझं रक्त कडू लागायला लागलं वाटतं पोरीला,'' म्हणाला. लोक हसले. मी मान खाली घातली.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई, झुल्फा, दारात नारळ खवत होती. मी माफी मागितली. हात न थांबवता म्हणाली, ''माफी तिची मागा. आणि मूर्ख कोणाला म्हणालात, मिस? कागद आम्हीही बघितला होता. दोघांचीही एकेक काळी. तरी केलं लग्न. तुम्ही आणि शियामने केलं तसंच.''

एवढंसं बेट, इथे काय लपतंय? तिसरा महिना लागलाय मला, तेही तिला ठाऊक असणार. कोचीला जाऊन बाळाची तपासणी करून आले, तेही.

खरं लिहायचं तर पोरीला दुखावल्यापेक्षा पकडले गेल्याची लाज जास्त वाटली. आणि आता त्याचीही वाटते.

१५ मार्च

सगळ्या वर्गासमोर नश्वाची माफी मागितली. सांगून टाकलं, ''माझ्याकडेही एक काळी आहे. घरी शियामकडेही. तरी आम्ही लग्न केलं.''

मागच्या बाकावरून यामीनने विचारलं, ''मग तुमच्या बाळाला, मिस?''

''अजून कळलं नाही.''

नश्वा बसल्या जागेवरून म्हणाली, ''दोन आल्या तर मी शिकवेन त्याला. सुई टोचताना तिकडे बघायचंच नाही, खिडकीतून बोटी मोजायच्या.''

दुपारच्या बोटीने गेली. इब्बे तिचं दप्तर घेऊन पुढे. घरी येऊन पोटभर रडले. वाटलं, सुटले.

१९ मार्च, सोमवार

कोचीहून फोन आला. दोन्ही काळ्या. शियाम म्हणतो, ठेवायचं की नाही ते लवकर ठरवायला हवं.

शाळेच्या फाटकात नश्वा उभी होती. ''मिस, कळलं का?''

''नाही गं अजून,'' म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता आत गेले.